प्यूजो २०५ : चषक नेमके कोणत्या गाडीचे?

१९८३ च्या फेब्रुवारीत प्यूजोने २०५ ही छोटी हॅचबॅक बाजारात आणली, तेव्हा कंपनीचे दिवस बरे नव्हते. सित्रोएन पचवते न पचवते तोच १९७८ मध्ये तिने क्रायस्लरचा युरोपातला पसारा अंगावर घेतला होता आणि तोट्याचा बोजा वाढत चालला होता. १९९८ मध्ये २०५ चे उत्पादन थांबले तोवर ५२ लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर उतरल्या होत्या आणि कंपनी सावरली होती. या यशाचे श्रेय बहुतेक जण रॅलीतल्या विजयांना देतात. जागतिक रॅली स्पर्धेत २०५ च्या नावावर लागोपाठ दोन विजेतेपदे जमा झाली, त्यामुळे हे श्रेय स्वाभाविक वाटते. पण ती विजेतेपदे मिळवणारी गाडी आणि दुकानात मिळणारी गाडी यांची तुलना केली, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

रॅली जिंकणाऱ्या गाडीचे नाव २०५ टर्बो १६. त्या काळच्या ‘ग्रुप बी’ वर्गाच्या नियमांनुसार अवघ्या २०० गाड्या बांधल्या की स्पर्धेत उतरायची परवानगी मिळे. एरवीच्या २०५ चे इंजिन पुढे बसते आणि पुढचीच चाके ओढते. टर्बो १६ चे इंजिन सीटच्या मागे आडवे बसवलेले होते आणि ते चारही चाके फिरवत असे. इंजिनाची क्षमता १७७५ सीसी ठेवण्यामागेही गणित होते. टर्बो असेल तर क्षमतेला १.४ ने गुणायचे, असा नियम होता. गुणाकार २४८५ येतो, म्हणजे २५०० सीसीच्या वर्गात जेमतेम बसतो आणि त्या वर्गातल्या कमी वजनाचा फायदा मिळतो. हा सगळा घाट क्रीडा विभागाचे प्रमुख जाँ तोद यांच्या देखरेखीखाली घडला. तोद स्वतः पूर्वी रॅलीतले सहचालक होते. १९८४ च्या कोर्सिका रॅलीत गाडी पहिल्यांदा उतरली आणि त्याच वर्षी फिनलंडमध्ये आरी वातानेन याने तिला पहिला विजय मिळवून दिला. १९८५ मध्ये टिमो सालोनेन आणि १९८६ मध्ये युहा कांक्कुनेन जगज्जेते झाले; दोन्ही वर्षी उत्पादकांचे विजेतेपदही प्यूजोकडेच गेले. बाहेरचा चेहरामोहरा सोडला, तर या पराक्रमात हॅचबॅकचा वाटा फार थोडा होता.

यावर कोणी म्हणेल की त्या काळी सगळेच असे करत होते. लान्सियाची डेल्टा एस४ किंवा एमजीची मेट्रो ६आर४ यांचाही घरगुती गाडीशी संबंध नावापुरताच होता. हे खरे आहे, पण त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. १९८६ च्या कोर्सिका रॅलीत हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जो क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि ग्रुप बी बंद करायचे ठरले. मग प्यूजोने टर्बो १६ वाळवंटात नेली. १९८७ आणि १९८८ ची पॅरिस-डकार तिने जिंकली. पुढच्या दोन डकार स्पर्धा जिंकणारी ४०५ टर्बो १६ ही तिच्याच यंत्ररचनेवर उभी होती, फक्त अंगावर मोठ्या सेडानचा पेहराव होता. ज्या यंत्राला दोन वेगळ्या गाड्यांची नावे सहज लावता येतात, त्याचे गुण त्यांपैकी एका गाडीचे मानता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्र वेगळे असले तरी कीर्ती एकच होती आणि गिऱ्हाईक कीर्ती पाहूनच येते. कीर्तीने गिऱ्हाईक दारापर्यंत आले असेल, हे मान्य. पण १९७६ ची फोक्सवागन गोल्फ जीटीआय असे कोणतेही जागतिक विजेतेपद नसताना लोकप्रिय झाली होती. म्हणजे चपळ हॅचबॅकची ओढ रॅलीच्या आधीपासूनच होती. शिवाय रस्त्यावर वळण घेताना कीर्ती कामाला येत नाही. १९८४ च्या २०५ जीटीआयमध्ये १.६ लिटरचे १०५ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि वजन साडेआठशे किलोच्या आसपास. मागच्या चाकांना उभ्या स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार होते, त्यामुळे डिकीत जागाही उरली आणि गाडी रस्त्याला धरूनही राहिली. भर वळणात अॅक्सिलरेटर अचानक सोडला तर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाई, हा दोषही जगजाहीर होता. पण हे गुण-दोष खास तिचे होते, उसने घेतलेले नव्हते.

म्हणूनच २०५ च्या क्रीडागुणांचा खरा पुरावा १९८८ च्या ‘रॅली’ नावाच्या आवृत्तीत सापडतो. १३०० सीसीखालच्या वर्गासाठी १२९४ सीसीचे इंजिन, दोन कार्ब्युरेटर, चैनीच्या बहुतेक वस्तूंना फाटा आणि आठशे किलोंच्या आतले वजन, एवढ्यावर ती उभी राहिली. तीही खास स्पर्धेसाठीच घडवलेली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिचा सांगाडा, तिची पुढची चाके ओढणारी रचना आणि तिचे निलंबन घरोघरच्या २०५ चेच होते. तोच पाया थोड्या फेरफाराने प्यूजो ३०९ लाही पुरला, आणि ती ३०९ नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या भागीदारीतून आपल्या कल्याणजवळही तयार होत होती. टर्बो १६ ने प्यूजोचे अभियंते आणि चालक काय करू शकतात ते दाखवले. साधी गाडी किती चांगली होती हे मात्र जीटीआय आणि ‘रॅली’ यांनी दाखवले, आणि कंपनीला सावरणाऱ्या ५२ लाख गाड्यांचे नाते या दोघींशीच जवळचे आहे.