चैत्रातली कुदळ, मृगातली कुदळ

उघड्या अंगाचा एक धट्टाकट्टा माणूस परसातली माती खणतो आहे. मागे धुणे वाळत घातले आहे, शेजारीपाजारी साफसफाईत गुंतले आहेत आणि घरांच्या पलीकडून चर्चचा मनोरा डोकावतो आहे. ग्रँट वूड या अमेरिकन चित्रकाराने 1941 साली रंगवलेल्या ‘स्प्रिंग इन टाउन’ या तैलचित्रात एवढेच घडते. चित्राची उंची दोन फुटांहून थोडी जास्त. सध्या ते इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट शहरातील स्वोप कलासंग्रहालयात आहे.

वूडचे नाव घेतले की दाताळे हातात धरलेला शेतकरी आणि शेजारची उभट चेहऱ्याची बाई आठवते. ते ‘अमेरिकन गॉथिक’, 1930 चे. वूड आयोवाचा. तरुणपणी पॅरिसला जाऊन तिथल्या तऱ्हेने निसर्गचित्रे काढत होता. 1928 मध्ये कामानिमित्त म्युनिकला गेला, तिथे जुन्या फ्लेमिश चित्रकारांची बारीक, स्वच्छ रेघ पाहिली आणि मग आपल्याच गावची माणसे रंगवू लागला. त्याला वास्तववादी म्हणतात, पण ते जरा हात राखूनच घ्यावे. त्याच्या गावात घाम आहे, चिखल मात्र कुठे उडालेला नाही. झाडेही अशी गोल, जणू नुकतीच कातरून आणलेली. खरे आहे ते त्याचे पंचांग. आयोवात हिवाळाभर जमीन गोठलेली असते, ती सुटली की कुदळ घालायची. तिथल्या वसंताचा अर्थच खणणे.

12 फेब्रुवारी 1942 रोजी, एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वूड गेला. तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. दोन महिन्यांनी हेच चित्र ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर छापून आले. शांततेच्या काळात काढलेली परसबाग अशी युद्धाच्या कामी आली. तिकडे घरोघरी भाजीचे वाफे खणायची मोहीम निघाली आणि 1943 पर्यंत अशा बागांची संख्या दोन कोटींच्या घरात गेल्याचे सांगतात. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्यावर आपल्याकडेही सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’चा धोशा लावला होता.

आता हेच चित्र छत्रपती संभाजीनगरात बसून पाहा. आपल्या चैत्रात कोण माती खणतो? पाडव्याला कडुनिंब मोहोरलेला असतो, पळस पेटून विझत आलेला असतो, मोगऱ्याला कळ्या धरतात आणि जमीन मात्र कुदळ परत फेकते. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. नळाला पाणी रोज नाही, दिवस मोजून येते. अशा शहरात वसंतातली बागकामाची कला म्हणजे जगवण्याची कला.

ती पाहायची तर सिडकोतल्या एन-सेक्टरांच्या गल्ल्यांत सकाळी सहाला फिरावे. अंगण दोन खाटा मावतील एवढे. त्यात शेवगा, कढीपत्ता, एखादा पारिजातक आणि जिन्याच्या पायऱ्यांवर कुंड्या. आजी तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालतात, भाजी धुतलेले कढीपत्त्याला. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरून ठेवलेले असते, पण ते क्षाराचे म्हणून कुंडीला रोज घालायचे नाही, हेही त्यांना ठाऊक. आळ्यात पालापाचोळ्याचा थर, वर हिरवी जाळी. टाकी भरायचा दिवस असला की अख्खी गल्ली जागी होते, आणि सगळ्या टाक्या भरून झाल्यावर उरलेली अर्धी बादली जास्वंदीची. इथे झारीपेक्षा तांब्या जास्त चालतो.

या शहराला बागा पाण्याच्या जिवावरच मिळाल्या. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. बीबी का मकबऱ्याची चारबाग आणि दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग मुघल काळातल्या. हिमायत बागेत आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. आंब्याच्या जुन्या झाडांखाली गेलात तर भर मे महिन्यातही गारवा लागतो.

आपल्या वास्तववादी चित्रकारांनी या घरगुती बागकामाकडे फारसे पाहिले नाही, असे माझे मत. जे. जे. स्कूलच्या परंपरेने, म्हणजे धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या हुकमी हातांनी, बाजार, देवदेवता, दिवा घेतलेली स्त्री, घाटातला पाऊस हे सारे उत्तम रंगवले. अजिंठ्याच्या भिंतींवर तर कमळे अशी की हात लावावासा वाटतो. पण बनियन घालून कुंडीतली माती उलटणारा निवृत्त कारकून? त्याला चित्राचा मान मिळायचा आहे. आणि तो रंगवताना कोणी वूडचा वसंत उचलून आणला तर सगळे फसेल. आपला माणूस कुदळ उचलतो ती मृगाचा पहिला सडा पडल्यावर, जूनमध्ये, ओल्या मातीच्या वासात. चैत्रात त्याच्या हातात तांब्याच हवा.

या शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनो, स्केचबुक घेऊन येत्या चैत्रात एकदा आणि मृगात एकदा सिडकोच्या एकाच गल्लीत बसा, आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी टांगा.