दोघा भावांचं दुकान आणि ‘यंग बक्स’: टॅग टीमकडून शिकलेला धंदा



भागीदारीवरच्या मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी लिहिलं होतं, “सर, माझे मिस्टर आणि दीर मिळून दुकान चालवतात. गल्ला चांगला आहे, पण दोघांचं घरात बोलणं बंद आहे. काय करू?” दोन ओळींत उत्तर देता आलं नाही. कारण २०१९ मध्ये माझ्या आणि माझ्या भावाच्या बाबतीत हेच झालं होतं. म्हणून आज जरा वेगळं उदाहरण घेऊन बसलोय: प्रोफेशनल रेसलिंगमधली एक टॅग टीम.

हसू नका! शाळेत असताना आम्ही दोघं भाऊ टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई बघायचो आणि त्याचे पत्ते खेळायचो. यातल्या मॅचचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तिकीट विकलं जाणार की नाही, हे कुणी ठरवून देत नाही. टी-शर्ट खपणार की पडून राहणार, हेही नाही. तो भाग आपल्या दुकानाइतकाच खरा आहे.

टॅग टीम म्हणजे काय?

आपल्या लाल मातीत ‘जोड लागली’ म्हणजे दोन पैलवान एकमेकांसमोर उभे राहिले. टॅग टीममध्ये उलटं असतं. जोडी म्हणजे एकाच बाजूचे दोघे. एक रिंगमध्ये लढतो, दुसरा दोरीबाहेर कोपऱ्यात उभा राहतो. आतल्याने हाताला हात लावला, की मगच बाहेरच्याने आत यायचं.

बहुतेक मॅचमध्ये एक जण बराच वेळ मार खातो, सरपटत कोपऱ्याकडे येतो आणि कसाबसा हात लावतो. मग ताज्या दमाचा दुसरा आत उडी मारतो आणि सगळं स्टेडियम उभं राहतं. टाळ्या आत येणाऱ्याला मिळतात, पण मॅच उभी केलेली असते मार खाणाऱ्याने. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

घरामागच्या रिंगपासून सुरुवात

मॅट आणि निक मॅसी हे दक्षिण कॅलिफोर्नियातले सख्खे भाऊ. मॅटचा जन्म १९८५ चा, निकचा १९८९ चा. रेसलिंगचं वेड लहानपणापासून. वडिलांनी घराच्या आवारात रिंग बांधून दिली, तिथे पोरं टीव्हीवरचे डाव बघून बघून शिकली. पुढे स्वतःचे छोटे शो भरवू लागली. म्हणजे पहिलवानही तेच आणि आयोजकही तेच. आपल्याकडे नवीन दुकानदार सकाळी झाडूही मारतो आणि रात्री हिशोबही लिहितो, तसंच.

मॅट जॅक्सन, निक जॅक्सन ही नावं आणि जोडीचं नाव ‘यंग बक्स’. २००७ पासून ते लॉस एंजेलिसजवळ रिसिडा इथल्या एका छोट्या हॉलमध्ये पीडब्ल्यूजी या स्थानिक कंपनीसाठी लढू लागले. हॉल लहान, पण प्रेक्षक पक्के. तिथे ते चार वेळा टॅग टीम चॅम्पियन झाले.

दुसऱ्याची पाटी

२०१० च्या सुरुवातीला ते टीएनए या टीव्हीवरच्या मोठ्या कंपनीत आले. तिथे जोडीला नवीन नाव मिळालं, ‘जनरेशन मी’. दोघांची नावंही बदलली, मॅक्स आणि जेरेमी बक. म्हणजे छोट्या हॉलमध्ये कमावलेली ओळख दाराबाहेर ठेवून आत जायचं. २०११ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि पुन्हा ‘यंग बक्स’ झाले. जुनं नाव त्यांच्याकडे होतं, म्हणून परत येता आलं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. डडली बॉईज ही नावाजलेली जोडी. २००५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडली तेव्हा ‘डडली’ या नावावर हक्क कंपनीचा राहिला. इतकी वर्षं गाजवलेलं नाव मागे ठेवून त्यांना ‘टीम थ्रीडी’ म्हणून नव्याने सुरुवात करावी लागली.

आता माझं ऐका. आम्ही भावांनी २०१३ मध्ये कपड्यांचं दुकान टाकलं. वर्षभरात एका मोठ्या ब्रँडची डीलरशिप मिळाली. आनंदाच्या भरात आमच्या नावाची पाटी उतरवली आणि कंपनीची चकचकीत पाटी लावली. पिशवीवर, बिलावर, सगळीकडे त्यांचंच नाव. २०१९ मध्ये कंपनीने डीलरशिप चार दुकानं सोडून पलीकडे दिली. गिऱ्हाईक पाटीच्या मागे गेलं. चूक आमचीच होती. सहा वर्षं आम्ही दुसऱ्याचं नाव मोठं करत होतो.

गिऱ्हाईक स्वतःचं

टीएनए सोडल्यावर यंग बक्सनी काय केलं? २०१३ मध्ये जपानच्या न्यू जपान कंपनीत ‘बुलेट क्लब’ या गटात आले. तिथली ज्युनियर हेवीवेट टॅग चॅम्पियनशिप त्यांनी सात वेळा जिंकली. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची विक्री. सुपरकिक ही त्यांची लाथ. त्यावरून ‘सुपरकिक पार्टी’ हे घोषवाक्य झालं आणि ते टी-शर्टवर गेलं. ऑनलाइन विक्रीचं काम मॅटची पत्नी डेना बघायची. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॉलमधल्या हॉट टॉपिक या दुकानांच्या साखळीत बुलेट क्लबचे टी-शर्ट लागले.

मे २०१६ मध्ये त्यांनी ‘बीइंग द एलीट’ ही यूट्यूब मालिका सुरू केली. प्रवास, विमानतळ, चेंजिंग रूम, थट्टामस्करी. फार खर्च नाही, झगमगाट नाही. पण कंपनी कुठलीही असो, बघणारा माणूस आता त्यांच्याशी थेट जोडलेला होता.

२०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या कार्यक्रमाबाहेर जाऊन या मंडळींनी गंमत केली. त्यावर वकिलाची नोटीस आली की ‘टू स्वीट’ ही हाताची खूण वापरू नका. दुसरा कुणी घाबरून बसला असता. यांनी खूण थांबवली आणि नोटिशीवरच टी-शर्ट काढला! नियम मोडला नाही, रडतही बसले नाहीत.

अर्ध्या तासात दहा हजार तिकिटं

त्याच वर्षी एका चाहत्याने रेसलिंग पत्रकार डेव्ह मेल्टझर यांना ट्विटरवर विचारलं की, रिंग ऑफ ऑनर ही कंपनी दहा हजारांचं स्टेडियम भरेल का? उत्तर आलं की इतक्यात तरी नाही. यंग बक्सचा सहकारी कोडी ऱ्होड्स म्हणाला, लावतो पैज. कोडी आणि या दोघा भावांनी स्वतःचा पैसा घातला. १ सप्टेंबर २०१८ ला शिकागोजवळ हॉफमन इस्टेट्समध्ये ‘ऑल इन’ शो झाला. तिकिटं अर्ध्या तासाच्या आत संपली होती. प्रेक्षक ११,२६३.

लोकांना ती अर्ध्या तासाची जादू दिसते. मला त्यामागची दहा-अकरा वर्षं दिसतात. छोटा हॉल, घरून जाणारी पार्सलं, दर आठवड्याचा व्हिडिओ. दिवाळीच्या आठवड्यात दुकान भरतं, ते वर्षभराच्या वागणुकीमुळे भरतं. तसंच हे.

१ जानेवारी २०१९ ला एईडब्ल्यू ही नवी कंपनी जाहीर झाली. भांडवल टोनी खान यांच्या बाजूचं. मॅट आणि निक तिथे पहिलवान तर होतेच, शिवाय व्यवस्थापनात एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंटही झाले. डब्ल्यूडब्ल्यूईचंही बोलावणं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एईडब्ल्यूने ‘ऑल इन’ केलं, तेव्हा कंपनीने जाहीर केलेला आकडा होता ८१,०३५.

मोठं झाल्यावरची भांडणं

सगळं गोड नाही हं. २०२२ च्या सुरुवातीला कोडी ऱ्होड्स कंपनी सोडून डब्ल्यूडब्ल्यूईत परत गेला. सप्टेंबरमध्ये ‘ऑल आउट’ शोनंतर सीएम पंकने पत्रकारांसमोर या मंडळींवर तोंडसुख घेतलं आणि मागे खरीखुरी हाणामारी झाली. यंग बक्स आणि केनी ओमेगा यांनी त्याच रात्री जिंकलेले तिघांच्या टीमचे बेल्ट काढून घेतले गेले, दोघं निलंबित झाले आणि नोव्हेंबरमध्ये परत आले. पद असलं म्हणून माणसं सांभाळता येतात असं नाही. पण त्या सगळ्यात एक गोष्ट तुटली नाही, ती म्हणजे दोघा भावांची जोडी.

२०२० मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात एक प्रकरण मॅटचं, एक निकचं असं आलटून पालटून आहे. एकच प्रवास, पण दोघांना आपापली बाजू सांगायला जागा.

ते कळल्यावर मला माझा भाऊ आठवला.

डीलरशिप गेली तेव्हा आम्ही चार महिने बोललो नाही. तो म्हणायचा ऑनलाइन विकू, मी म्हणायचो दुसरी शाखा काढू. भांडण वरवर त्याचं होतं. एका रात्री आईने दोघांना ताटावर बसवलं आणि त्याला विचारलं, “तुझं दुखणं काय आहे ते एकदा बोल.” तो म्हणाला, “सहा वर्षं मी गोडाऊनमध्ये आहे. माल मी मोजतो, जीएसटी मी भरतो, उधारीची बोलणी मी खातो. पण गावात शेठ दादालाच म्हणतात.”

मी गप्प. मार तो खात होता आणि टाळ्या मी घेत होतो. आणि मी त्याला कधी हातच लावू दिला नव्हता.

आज आमच्या दुकानावर आमच्याच नावाची पाटी आहे. सोमवार ते बुधवार काउंटरवर तो बसतो, गोडाऊन माझ्याकडे. ऑनलाइन विक्री त्याने सुरू केली, ती चालते. दुसरी शाखा अजून झालेली नाही, आणि मला घाई नाही.

या आठवड्याचं काम

१. दुकानाचं नाव, पाटी, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप नंबर कुणाच्या नावावर आहे ते कागदावर लिहा. ट्रेडमार्कसाठी उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यवसायाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे वाढवता येते.

२. भागीदारीचा करारनामा लेखी करा आणि फर्म नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, पण फर्म नोंदवलेली नसेल तर करारातला हक्क मागायला कोर्टात जाताना अडचण येते. ‘भाऊच तर आहे’ म्हणून टाळू नका. भाऊ आहे म्हणूनच करा.

३. गिऱ्हाइकांची यादी स्वतःची ठेवा. कंपनीची स्कीम जाईल, यादी राहील.

४. महिन्यातून एक दिवस कामं बदला. काउंटरवाला गोडाऊनमध्ये, गोडाऊनवाला काउंटरवर.

आणि ताई, तुमच्यासाठी. दोघांना एका ताटावर बसवा. जो कमी बोलतो, त्याला आधी विचारा. सल्ला देऊ नका, फक्त ऐका. काय झालं ते मला नक्की कळवा.

पुढच्या व्हिडिओत करारनाम्यात कुठली कलमं हवीत ते बघू. तोवर धंदा सांभाळा, जोडीदार सांभाळा!