कापलेला स्क्रीनशॉट, उरलेला पत्ता

औषधांची ऑनलाइन ऑर्डर दिली की पडद्यावर पावती येते. वर औषधाचे नाव आणि किंमत, खाली रुग्णाचे नाव, घरचा पत्ता, फोन नंबर. किंमत तेवढी भावाला दाखवायची असते, म्हणून स्क्रीनशॉट काढून खालचा भाग कापला जातो आणि उरलेला तुकडा पाठवला जातो. कापलेला भाग कायमचा गेला, असे सगळेच गृहीत धरतात. मार्च २०२३ मध्ये या समजुतीला जोरदार धक्का बसला.

सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोन संशोधकांनी गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या ‘मार्कअप’ या चित्रे कापण्याच्या साधनात दोष असल्याचे जाहीर केले. कापलेल्या चित्रातून मूळ चित्राचा बराचसा भाग परत मिळवता येत होता. पाठोपाठ काही दिवसांतच विंडोज ११ मधले ‘स्निपिंग टूल’ आणि विंडोज १० मधले ‘स्निप अँड स्केच’ यांतही तसाच दोष सापडला. पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपून देणारी ही साधने कार्यालयांतून रोज वापरली जातात, त्यामुळे प्रकरण एका फोनपुरते राहिले नाही.

नेमके काय घडत होते, हे समजायला जुनी ऑडिओ कॅसेट उपयोगी पडते. तासाभराच्या भजनांवर वीस मिनिटांचे भाषण रेकॉर्ड केले, तर भाषण संपल्यावर पुढे भजने तशीच वाजतात. इथेही तसेच होत होते. कापलेले छोटे चित्र मूळ फाइलवर लिहिले जाई, पण फाइलची लांबी मात्र पूर्वीइतकीच राही. पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये ‘चित्र इथे संपले’ अशी एक खूण असते. ती दिसली की चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर तिथेच थांबते, पुढे काय उरले आहे ते पाहतच नाही. त्यामुळे डोळ्यांना फक्त कापलेला तुकडा दिसे आणि जुन्या चित्राचे शेपूट त्याच्या मागे निमूटपणे पडून असे. हे शेपूट म्हणजे बहुधा मूळ चित्राचा खालचा भाग, आणि पत्ते, फोन नंबर, सह्या अनेकदा तिथेच असतात.

अँड्रॉइडमध्ये याचे मूळ एका अक्षरात होते. फाइल लिहिण्यासाठी उघडताना प्रोग्रॅमर ‘डब्ल्यू’ हे अक्षर देतात. पूर्वी त्यासरशी जुना मजकूर पुसला जाई. अँड्रॉइड १० मध्ये हे वागणे बदलले आणि पुसायचे असेल तर पुढे ‘टी’ जोडणे आवश्यक झाले. ते जोडायचे राहून गेले. विंडोजमध्येही नव्या मजकुरापुढचा जुना भाग छाटला जात नव्हता.

अर्थात उरलेला भाग वाचणे सोपे नव्हते. पीएनजीमधली माहिती दाबून, म्हणजे संकुचित करून ठेवलेली असते आणि ती उलगडायला सहसा सुरुवातीपासून यावे लागते. ब्युकॅनन यांनी मधूनच उलगडायला लागण्याची युक्ती शोधली. मग त्यांनी स्वतःच डिस्कॉर्ड या गप्पांच्या माध्यमावर टाकलेली जुनी चित्रे तपासली. त्यात ईबेवरच्या एका खरेदीच्या ईमेलचा कापलेला स्क्रीनशॉट होता. त्यातून त्यांच्या घरचा पूर्ण पत्ता बाहेर आला.

दोन्ही कंपन्यांनी मार्च २०२३ मध्येच दुरुस्ती दिली. मायक्रोसॉफ्टने धोक्याची तीव्रता कमी ठरवली, आणि त्याला कारणही होते. आधी जतन केलेले चित्र कापायचे आणि ते त्याच फाइलवर जतन करायचे, एवढे सगळे केले तरच विंडोजमध्ये गळती होई. विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबून पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपला आणि थेट ईमेलमध्ये चिकटवला, तर गळायला मागे काही उरतच नाही. आजही हीच सवय बरी.

पण अपडेटने पुढची चित्रे सुधारतात, आधी पाठवलेली नाहीत. ती जिथे गेली तिथे शेपटासह पडून आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र नव्याने दाबले जाते, त्यात असे शेपूट गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल मात्र जशीच्या तशी पोहोचते.

झाकण्याचे बाकीचे प्रकारही तपासून घेण्यासारखे आहेत. फोनमधल्या हायलायटरची काळी रेघ पारदर्शक असते. चित्राची चमक वाढवली की खालचे आकडे वाचता येतात. पीडीएफमध्ये नुसती काळी चौकट ठेवली, तर तिच्याखालचा मजकूर अनेकदा कॉपी करता येतो. आधारच्या बाबतीत हा खटाटोप करायची गरजच नाही. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘मास्क्ड’ प्रत मिळते आणि तिच्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात.

जुनी कापलेली चित्रे संगणकात असतील, तर त्यांच्या फाइलचा आकार पाहावा. दोन ओळींचा तुकडा आणि आकार मात्र पूर्ण पडद्याच्या चित्राएवढा, असे दिसले तर ते चित्र पुढे पाठवू नये. पाठवायचेच असेल तर ते पडद्यावर उघडून त्याचा नव्याने स्क्रीनशॉट घ्यावा. नव्या फाइलमध्ये जुने काही येत नाही.