ओल्या सोयाबीनचा भाव किती पडायला हवा? शाळेतलं समीकरण फिरवून बघा

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचं गाव आहे. या भागात सोंगणी आटोपली, सुडी मोडून थ्रेशर फिरलं की सोयाबीन बाजाराची वाट धरतं. त्यातच परतीचा पाऊस आला तर दाणा ओला राहतो आणि बाजार समितीत पहिला प्रश्न येतो, "ओलावा किती?"

समजा, कोरड्या मालाला म्हणजे 12 टक्के ओलाव्याच्या सोयाबीनला 4,400 रुपये क्विंटल भाव चालू आहे. तुमच्या मालाचा ओलावा मीटरवर 16 निघाला. व्यापारी म्हणाला, "माल ओला आहे, 4,000 देतो." हा भाव बरोबर की चूक?

आठवी-नववीत "समीकरणातून चलाची किंमत काढा" असं गणित असायचं, आठवतंय? तेच इथे लागतं.

एका क्विंटलमध्ये 16 टक्के ओलावा म्हणजे 16 किलो पाणी आणि 84 किलो खरा दाणा. कोरड्या क्विंटलमध्ये खरा दाणा 88 किलो. पैसे दाण्याचे द्यायचे असतील तर दोन्हीकडे दाण्याचा किलोमागचा दर सारखाच यायला हवा. म्हणजे ओल्या मालाचा भाव भागिले (100 वजा ओलावा) बरोबर कोरड्या मालाचा भाव भागिले 88. तिरकस गुणाकार केला की सूत्र असं दिसतं:

ओला भाव × 88 = कोरडा भाव × (100 − ओलावा)

यात तीन गोष्टी बदलत्या आहेत. त्यातल्या दोन माहीत असल्या की तिसरी निघते. जी हवी ती एका बाजूला एकटी उरली पाहिजे, एवढंच.

आधी ओला भाव काढू. त्याच्याशेजारी 88 गुणाकारात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना 88 ने भागायचं. 4,400 ला 88 ने भागलं की 50 येतात, आणि 50 × 84 = 4,200. पाण्याचा हिशोब धरून रास्त भाव 4,200 होतो.

आता हेच सूत्र उलटं फिरवू. व्यापाऱ्याने 4,000 म्हटले, तर त्याने मनात ओलावा किती धरला? 4,000 × 88 = 4,400 × (100 − ओलावा). दोन्ही बाजूंना 4,400 ने भागा. डावीकडे 80 उरतात, उजवीकडे 100 − ओलावा. म्हणजे ओलावा 20.

मीटर 16 दाखवतोय आणि भाव 20 चा लागतोय. क्विंटलमागे 200 रुपयांचा फरक! आता वाळवायची मजुरी, बुरशीची भीती, माती-काडीकचरा ही कारणं व्यापारी सांगू शकतो आणि त्यात तथ्यही असतं. पण मग 200 रुपये त्या कारणांचे आहेत, पाण्याचे नाहीत, हे बोलताना दोघांनाही कळलेलं बरं.

बहुतेकांची गाडी अडते ती कंसापाशी. 4,400 ने भागताना कंस आख्खा ठेवायचा. तो फोडून फक्त 100 ला भागलं की उत्तर भलतंच येतं. दुसरी अडचण ओलाव्याआधीच्या वजा चिन्हाची. "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" हे आपण पाठ केलं, पण का बदलतं ते राहून गेलं. खरं तर काहीच पलीकडे जात नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच टाकायचं किंवा सारखंच काढायचं. 80 = 100 − ओलावा यात दोन्हीकडे ओलावा मिळवा, मग दोन्हीकडून 80 काढा. राहिले 20.

(बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एक्स-वाय नव्हते. अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं होती. पारड्यांचा नियम मात्र हाच.)

हे 12 टक्के कुठून आले? हमीभावाच्या सरकारी खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची तीच मर्यादा असते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवली आणि जादा ओलाव्याचा खर्च राज्यांवर टाकला. तो किती, तेही याच हिशोबात आहे. 15 टक्क्यांच्या क्विंटलमध्ये दाणा 85 किलो. तो 12 टक्क्यांवर वाळवला तर वजन 85 × 100 ÷ 88, म्हणजे साधारण 96.6 किलो. क्विंटलमागे जवळपास साडेतीन किलो उडून जातात. नुसती 15 वजा 12 अशी वजाबाकी करणाऱ्याला तीनच किलो दिसतात.

आता वाळवून विकावं की ओलंच? 16 टक्क्यांचं 10 क्विंटल सोयाबीन 12 वर आणलं तर सुमारे 9 क्विंटल 54 किलो भरतं. 4,400 ने त्याचे साधारण 42,000 होतात, ओलं विकलं तर 40,000. ताडपत्री, मजुरी आणि दोन-तीन दिवसांचं ऊन मिळून 2,000 च्या आत बसत असेल तर वाळवणं परवडतं. आभाळ भरून आलं असेल, तर हिशोब बदलतो.