पावसाआधीचे शंभर दिवस

माघ सरत येतो, आंब्याच्या मोहराचा वास गावभर पसरतो आणि काजूच्या झाडांवर पहिली बोंडे रंगू लागतात. याच सुमारास गोव्यातल्या शेतांचे दोन भाग पडलेले दिसतात. ज्या शेतांना पाण्याचा आधार आहे, तिथे वायंगणाचे भात किंवा भाजीचे वाफे हिरवे असतात. उरलेल्या शेतांत सरदाच्या कापणीनंतरची खोडे उन्हात करपत पडलेली असतात. हे करपणारे तुकडे आकाराने फारसे मोठे नसतात. शंभर-दोनशे चौरस मीटरचा एखादा कोपरा, शेजारी उथळ विहीर आणि मेरेवर दोन माड, एवढाच त्यांचा पसारा. अशा तुकड्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजी लावता येते का, कोणती लावावी आणि तिला किती पाणी लागते, हे प्रश्न घराघरांत विचारले जातात. त्यांची उत्तरे दिवसांच्या साध्या हिशेबात आहेत.

मोजणी उलट्या बाजूने

ब्रिटनमध्ये नागरिकांना भाजीपाला पिकवण्यासाठी अल्प भाड्याने जमिनीचे तुकडे देण्याची प्रथा आहे. १९०८ सालच्या कायद्याने ती पक्की झाली. 'अलॉटमेंट' म्हणून ओळखला जाणारा हा तुकडा परंपरेने सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. तिकडे स्थायिक झालेल्या गोमंतकीयांनाही ही पद्धत परिचयाची असेल. तिथला शेतकरी वसंताच्या आरंभी शेवटच्या हिमतुषाराची वाट पाहतो आणि तिथून पुढे दिवस मोजतो. त्याचा हंगाम वसंतात सुरू होतो.

आपल्याकडे थंडीचा असा अडसर नाही. आपला अडसर जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. एकदा मोसमी पाऊस कोसळू लागला की सखल शेतात पाणी साचते, वेली कुजतात आणि भाताच्या तयारीसाठी जमीन मोकळी करावी लागते. म्हणून आपल्याकडचा शहाणा शेतकरी पावसापासून मागे मोजतो. पाच जून ही सीमा धरली, तर पंचवीस फेब्रुवारीला हातात बरोबर शंभर दिवस उरतात. कोणते पीक या शंभर दिवसांत बसते आणि कोणते बसत नाही, यावरच लागवडीचा निर्णय घ्यायचा.

कोणते पीक किती दिवसांचे

सर्वांत कमी मुदतीची आपली तांबडी भाजी. पेरणीपासून पंचवीस ते तीस दिवसांत ती मुळासकट उपटून जुड्या बांधण्याजोगी होते. तिचे बी अतिशय बारीक असल्यामुळे ते कोरड्या वाळूत मिसळून विसकटावे, म्हणजे एकाच जागी दाट पडत नाही. संपूर्ण वाफा एकाच दिवशी पेरू नये. दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरला, तर मेपर्यंत घरात भाजी येत राहते.

मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. पण मार्चच्या उन्हात तो तिखट होतो आणि आतून पोकळ पडतो. म्हणून त्याची पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापुढे नेऊ नये. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल यांची वेळ तर केव्हाच टळलेली असते. ही थंडीची पिके असून ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच लावावी लागतात. आता रोपे मिळाली, तरी घेण्याचा मोह आवरावा.

भेंडीला मात्र हाच काळ मानवतो. तिचे बी गार जमिनीत नीट रुजत नाही. रात्रभर पाण्यात भिजवून पेरले, तर पाच-सहा दिवसांत कोंब वर येतात. दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर पुरे. साधारण पन्नासाव्या दिवशी पहिली भेंडी हाती येते आणि त्यानंतर दर एका दिवसाआड तोडणी करावी लागते. तोडणी चुकली की फळ जून होते आणि झाड नवी फळे धरण्यात हात आखडते. शिगम्याआधी पेरलेली भेंडी पावसापर्यंत महिनाभर तरी घर भागवते.

अळसांदे हे मुळात कापणीनंतरच्या ओलीवर पेरण्याचे पीक. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेरलेले अळसांदे आता काढणीला आलेले असतात. नव्याने पेरायचे असल्यास हिरव्या शेंगांची चवळी निवडावी. ती पन्नास ते साठ दिवसांत शेंगा देते आणि तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. पुढच्या भाताला त्याचा लाभ होतो. म्हणून शेंगा संपल्यावर वेल उपटून फेकू नयेत, जमिनीतच गाडावेत.

फळांमध्ये या काळाचे राजेपद कलिंगडाकडे जाते. ते पंच्याऐंशी ते पंचाण्णव दिवस घेते. मागे मोजले, तर फेब्रुवारीचा अखेरचा आठवडा ही त्याची अखेरची घडी ठरते. दोन मीटर अंतरावर आळी करून प्रत्येकात दोन-तीन बिया टोचाव्यात. वेलीवर आधी नरफुले येतात. त्यामुळे पहिली फुले गळाली, तरी घाबरण्याचे कारण नाही. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. परागण मधमाश्या सकाळीच करतात, म्हणून त्या वेळी औषध फवारू नये. फळ धरल्यापासून तीस ते चाळीस दिवसांत ते पिकते. देठाजवळचा तणावा सुकला, जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झाला आणि टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, की फळ तोडावे. शेवटचा आठवडाभर पाणी कमी केले असता गोडी वाढते.

भाताची जमीन भाजीची करताना

भातासाठी चिखलणी केलेली माती सुकल्यावर विटेसारखी होते आणि तिच्याखाली एक कठीण थर बसलेला असतो. भाताला तो थर उपयोगी, कारण तो पाणी धरून ठेवतो. भाजीच्या मुळांना मात्र तो अडवतो. म्हणून एक दिवस पाणी देऊन माती ओलावू द्यावी आणि मग खणावी. मूठभर माती दाबून सोडल्यावर ती भुगभुगीत फुटली, तर खणण्याची वेळ योग्य समजावी. लगदा राहिला, तर आणखी एक दिवस थांबावे. वीतभर उंचीचे गादीवाफे केले, तर मुळांना मोकळी जागा मिळते.

आपली जांभ्यापासून बनलेली माती आम्लधर्मी असते. चुलीतली लाकडाची राख पातळ थराने मिसळली, तर आम्लता उतरते आणि पालाशही मिळते. शेणखत पुरते कुजलेलेच हवे. कच्च्या शेणाने वाळवी येते. किनाऱ्यालगतच्या गावांत सुकी बारीक मासळी खत म्हणून पुरण्याची जुनी चाल आहे.

खाजन जमिनीचा विचार वेगळा करावा लागतो. ऊन वाढते तसे खालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म वाटांनी वर चढते आणि पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी साय धरते. अशी साय दिसू लागली असेल, तर त्या भागात या हंगामात भाजी लावून श्रम वाया घालवू नयेत. मोरड आणि केर जमिनींत ही अडचण सहसा येत नाही. तिथे प्रश्न असतो तो पाणी टिकण्याचा.

विहिरीचा हिशेब मे महिन्यातला

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण जानेवारी ते एप्रिल हा काळ जवळजवळ कोरडा जातो. या दिवसांत भाजीच्या वाफ्याला रोज साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. म्हणजेच शंभर चौरस मीटरच्या मळ्याला दिवसाला चारशे ते पाचशे लिटर, पंधरा लिटरच्या तीसेक घागरी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मळ्यांतल्या बायकांनी दोन्ही हातांत घागरी घेऊन किती भार वाहिला, याची कल्पना या आकड्यावरून यावी.

इथेच नवशिक्यांची मोठी फसगत होते. फेब्रुवारीत विहीर भरलेली दिसते, म्हणून सगळा तुकडा पेरला जातो. एप्रिलच्या मध्यावर पाणी तळ गाठते आणि कलिंगडे फुगण्याच्या ऐन वेळी वेल माना टाकतात. म्हणून मळ्याचे क्षेत्र मे महिन्यातल्या पाण्यावरून ठरवावे. गतवर्षी मेमध्ये विहीर दिवसाला किती घागरी देत होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की आठवत असते. तेवढ्याच घागरींचा मळा करावा. खाडीकाठी तर विहीर उपसून काढणे धोक्याचेच. गोडे पाणी ओसरले की खारे पाणी आत शिरते.

सुकी पाने, पेंढा किंवा माडाच्या झावळ्या वाफ्यावर अंथरल्या, तर बाष्पीभवन बरेच घटते. पाणी सकाळी लवकर आणि मुळाशी द्यावे.

कीड आणि कात्री

छोट्या मळ्यात निम्मे कीडनियंत्रण डोळ्यांनी आणि कात्रीने होते. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो, तेव्हा आत अळी शिरलेली असते. तो शेंडा खालपासून कापून नष्ट करावा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो विषाणूजन्य रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. असे झाड बरे होत नाही. ते लगेच उपटावे. वेलवर्गीय फळांना फळमाशीने डंख मारला असेल, तर ती फळे वाफ्यात न टाकता खोल पुरावीत.

बियाणे राखणे

आपल्या राज्यात भाजीची ओळख गावाच्या नावाने होते. आगशीची वांगी, हरमलची मिरची, सात शिरांची भेंडी यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सांत इस्तेव्ह बेटाला तर भाजीमुळेच 'शाकेचो जुवो' हे नाव पडले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. बियाणे मात्र शेतातच राखावे लागते.

मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गावच्या कलिंगडांची एक हकीकत भाषणांतून सांगत. गावातला एक शेतकरी हंगामाच्या शेवटी मुलांना हवी तेवढी कलिंगडे खाऊ घाली. अट एकच, बिया चावायच्या नाहीत. मुलांपुढे तो सर्वांत मोठी आणि गोड फळे ठेवी, म्हणजे पुढच्या वर्षासाठी उत्तम बी हाती येई. त्याच्या मुलाने मोठी फळे बाजारात विकली आणि मुलांना लहान फळे दिली. काही वर्षांतच पर्राचे कलिंगड लहान होत गेले. या कथेतले तत्त्व वनस्पतिशास्त्राला धरून आहे. जे फळ आपण बियाण्यासाठी ठेवतो, त्याचेच गुण पुढे वाढतात.

म्हणून हंगामाच्या मध्यावर, झाड जोमात असतानाच, निरोगी आणि भरघोस झाड निवडून त्यावर दोरा बांधावा आणि त्याची पहिली चांगली फळे तोडू नयेत. शेवटी उरलेली खुरटी फळे बियाण्यासाठी ठेवणे ही आत्मघातकी काटकसर आहे. बी सावलीत वाळवून, राखेत घोळवून कोरड्या भांड्यात ठेवावे. बाजारातल्या संकरित वाणाचे बी मात्र राखू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात.

एकट्याचा मळा टिकत नाही

मार्च २०२० मधल्या टाळेबंदीत राज्याच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा भाजीची टंचाई घराघरांत जाणवली. ऐन वायंगणाच्या दिवसांत, पाणी असलेली शेते ओसाड असताना, आपण बेळगावच्या गाड्यांची वाट पाहत होतो. बेळगावच्या शेतकऱ्याने आपल्याला वर्षानुवर्षे पोसले, यात संशय नाही. पण आपली सगळी भिस्त घाटातल्या एका रस्त्यावर असावी का, हा प्रश्न त्या दिवसांनी विचारला.

तो प्रश्न सुटत नाही, याला आळसाइतकीच दुसरी कारणेही आहेत. सरदाची कापणी झाली की गुरे मोकळी सुटतात. आजूबाजूची सारी शेते पडीक असताना एकट्याचाच वाफा हिरवा असेल, तर गावातली सर्व गुरे तिथेच येणार, आणि एकट्याला कुंपणाचा खर्च पेलत नाही. पूर्वी गावकरीची व्यवस्था शेतांचे वाटप, बांध आणि पाणी एकत्र पाहत असे. १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला जमिनीची मालकी मिळाली आणि एक अन्याय दूर झाला. परंतु सामायिक कामे कोणी करायची, हे अनेक गावांत अनुत्तरितच राहिले. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले. कायदा विक्री रोखू शकतो, शेत पिकवू शकत नाही.

त्यामुळे या वर्षी मळा करायचा विचार असेल, तर बियाणे आणण्याआधी शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांशी बोलावे. चौघांचे तुकडे लागून असतील, तर एकच कुंपण पुरते, पाण्याच्या पाळ्या ठरवता येतात आणि राखणही वाटून घेता येते. मग विहिरीचे पाणी मोजावे, पाच जूनपासून मागे दिवस मोजावेत आणि त्यात बसेल तेवढेच पेरावे. तांबड्या भाजीचा एक पट्टा, भेंडीच्या चार ओळी आणि कलिंगडाची पाच-सहा आळी पहिल्या वर्षाला पुरेशी आहेत. कलिंगडाची मुदत सर्वांआधी संपते. निर्णय याच आठवड्यात घ्यावा.