आमचे संगमेश्वर कुठे गेले?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी मी आयुष्यातले पहिले मत दिले. सकाळी आजीला हाताला धरून गावच्या मराठी शाळेत गेले. रांगेत उभे असताना तिने मतदाराची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि "काय लिहिलंय ते वाच" म्हणाली. मी वाचले, "२६५ चिपळूण."

"चिपळूण कसं गो? आपला संगमेश्वर ना?"

संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून राहिलेलाच नाही. त्यानंतर आजीने तीन वेळा मत दिले होते, पण चिठ्ठी तिला कोणी वाचून दाखवली नव्हती. "म्हणजे आपला तालुका मोडला?" तिने विचारले. तालुका आहे, फक्त मतदारसंघ गेला, असे मी सांगितले. "तो का गेला?" या पुढच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. राज्यशास्त्र हा विषय घेऊन पदवीला बसलेल्या मुलीला हे शोभले नाही. सरांना विचारले, तर त्यांनी ग्रंथालयाची वाट दाखवली. तेथे जे हाती लागले ते वाचकांसमोर मांडते.

मुंबई प्रांताची पहिली विधानसभा १९३५ च्या कायद्याने १९३७ साली अस्तित्वात आली. तत्पूर्वी होते ते कायदेमंडळ एकाच सभागृहाचे. नव्या सभेत १७५ जागा होत्या आणि त्यांची वाटणी पाहिली की गंमत वाटते. सर्वसाधारण जागा ११४, त्यांतल्या १५ दलितांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांच्या २९, व्यापार-उद्योगाच्या ७, कामगारांच्या ७, युरोपियनांच्या ३, भारतीय ख्रिश्चनांच्या ३, जमीनदारांच्या २, स्त्रियांच्या सगळ्या मिळून ६, आणि विद्यापीठाची १! आपल्या प्राध्यापकवर्गाला हे वाचून बरे वाटेल. (आता पदवीधरांचे व शिक्षकांचे मतदारसंघ आहेत, पण ते विधान परिषदेत.) थोडक्यात, ही सभा माणसे मोजून बनलेली नव्हती, गट मोजून बनलेली होती. मताचा अधिकारही सर्वांना नव्हता. शेतसारा, भाडे, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. आमच्या घरात त्या वेळी कोणी मत दिल्याचे ऐकिवात नाही. पणजोबा खोताचे कूळ. राबायचे त्यांनी आणि धान्याचा मोठा वाटा जायचा खोताकडे.

तरीही त्या सभेने आमच्या जिल्ह्याचे नाव घेतले, आणि तेही लवकरच. मुंबईतून निवडून आलेले स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. सरकारचा सारा गोळा करून भरणारा मध्यस्थ म्हणजे खोत. कोकणात हा मध्यस्थ गावचा धनी होऊन बसला होता. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. विधेयक मात्र मंजूर झाले नाही. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि सारेच थांबले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पुढे १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कुळांच्या मालकीचा मार्ग खुला झाला. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव चढले ते त्यानंतर. विधानसभा हा शब्द आमच्या घरात पोहोचला तो असा, जमिनीवरून.

१९५२ साली प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक झाली. तेव्हा मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ जागा होत्या, पण मतदारसंघ २६८ च. कारण काही मतदारसंघांतून दोन-दोन सभासद निवडले जात. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ जोडून द्वैभाषिक राज्य झाले आणि सभागृह ३९६ जणांचे झाले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला. १ मे १९६० ला राज्य वेगळे झाले तेव्हा ३९६ मधले २६४ महाराष्ट्राकडे आले, १३२ गुजरातकडे गेले. अगदी दोनास एक असा हिशेब.

पुढे १९६७ ला २७० आणि १९७८ ला २८८. तेथे आकडा थांबला तो आजतागायत. (एक अँग्लो-इंडियन सभासद राज्यपाल नेमू शकत, ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.) पक्षांची चढउतार या आकड्याभोवतीच झाली. १९८५ मध्ये काँग्रेसने १६१ जागा मिळवल्या. त्यानंतर बहुमताचा १४५ हा आकडा कोणत्याही एका पक्षाला स्वबळावर गाठता आलेला नाही. २०२४ मध्ये भाजप १३२ पर्यंत गेला, तर दुसऱ्या बाजूला विरोधातल्या एकाही पक्षाला एकदशांश म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. याच सभागृहात सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून तब्बल अकरा वेळा निवडून आले हेही नमूद केले पाहिजे. पक्षांच्या कथा वर्तमानपत्रे रोज सांगतात, म्हणून मी त्यांत शिरत नाही. मला सांगायचे आहे ते २८८ बद्दल.

राज्यघटनेच्या १७० व्या कलमाप्रमाणे प्रत्येक मतदारसंघात लोकसंख्या शक्यतो सारखी हवी. म्हणून जनगणना झाली की फेररचना, असा मूळ नियम. पण १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवले त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. पुढे ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्याच्या एकूण जागा गोठल्या, राज्याच्या आतली वाटणी मात्र नंतर पुन्हा मोकळी झाली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ ची जनगणना धरून नव्या सीमा आखल्या, आणि २००८ मध्ये त्या लागू झाल्या.

आता पाटीपेन्सिल घेऊन बसू. १९७१ साली राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. तिला २८८ ने भागले तर एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसे येतात. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता आणि लोकसंख्या होती सुमारे २० लाख. भागाकार केला तर अकराच्या वर येतो, आणि जागाही होत्या ११ : आताच्या रत्नागिरीत ७, सिंधुदुर्गात ४. २००१ मध्ये राज्य ९ कोटी ६९ लाखांवर गेले. आमदारामागे माणसे झाली ३ लाख ३६ हजार. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजार. भागाकार पाच! सातांचे पाच झाले, सिंधुदुर्गाच्या चाराच्या तीन झाल्या. खेड गेले, संगमेश्वर गेले. आमच्या तालुक्याचा मोठा भाग चिपळूणला जोडला गेला. त्याच फेररचनेत तेव्हाचा ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर पोहोचला. मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या आणि उपनगराच्या १७ च्या २६.

हे कोष्टक ग्रंथालयात मांडले तेव्हा मी बराच वेळ त्याकडे बघत बसले. कारण ठाण्याच्या त्या वाढलेल्या जागांतली एक नालासोपारा, क्रमांक १३२. माझे दोन्ही काका तेथे राहतात. आमच्या वाडीतली अर्धी घरे गणपती-शिमग्यालाच उघडतात. त्यांतली माणसे विरार, दिवा, डोंबिवली, भांडुप येथे. आमच्या जागा कोणी पळवल्या नाहीत. आमचीच माणसे त्या उचलून घेऊन गेली. नोकरीसाठी एस.टी.त बसलेल्या पोराने बॅगेबरोबर मतदारसंघाचाही एक तुकडा नेला.

नियमात चूक काढता येत नाही. माणसागणिक मत हे तत्त्व १९३७ च्या गटवार वाटणीपेक्षा शतपटीने चांगले, हे मी मनापासून मानते. पण माणूस निघून गेल्यावर मागे जे उरते, म्हणजे साकव, घाटरस्ता, दरडीखालची वाडी, बंद पडू घातलेली शाळा, त्यासाठी सभागृहात प्रश्न विचारायचा कोणी? तालुक्याचा आमदार होता तेव्हा निदान देवरुखच्या बाजारात त्याला गाठता येत होते.

आणि हे एवढ्यावर थांबेल असे दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, १६ लाख १५ हजारांवर आली. राज्य झाले ११ कोटी २४ लाख, म्हणजे आमदारामागे ३ लाख ९० हजार. भागाकार करून पाहा, चारच्या किंचित वर येतो. त्यात २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव ठेवायचे ठरवले आहे. २८८ धरल्या तर ९६. तेही जनगणना आणि फेररचना झाल्यावर, अशी अट घातली गेली. मुलगी म्हणून मला ती फेररचना लवकर व्हावी असे वाटते; संगमेश्वरची म्हणून भीती वाटते.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी नालासोपाऱ्याहून धाकट्या काकांचा फोन आला. त्यांनी तिकडे दोन तास रांगेत उभे राहून मत दिले होते. पण तिथल्या उमेदवारांविषयी चकार शब्द न काढता त्यांनी विचारले, "आपल्या संगमेश्वरात किती मतदान झालं?"

आजीने फोन माझ्या हातातून घेतला. "संगमेश्वर नाय रे आता," ती म्हणाली, "चिपळूण म्हण. आज पोरीने वाचून दाखवलं."