नोकरीला जाताना रान कसे लावून द्याल?



माण-खटाव भागातली कितीतरी माणसे पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत होती. आज कुणी कारखान्यात, कुणी गाडीवर चालक. कर्ता माणूस कामाला गेला की रान दुसऱ्याला लावावे लागते. त्यात वावगे काही नाही. ज्याच्याकडे औत आहे पण रान थोडे, त्यालाही जास्तीचे रान मिळते. मात्र ठरवताना चुकलात तर दोघांचे नुकसान, आणि जमिनीचेही.

वाटा की खंड? वाट्याने दिले तर मालकाला मळणीला खळ्यावर हजर राहावे लागते. नोकरदाराला तेवढी रजा कुठली? म्हणून तो रोख खंड ठरवतो. त्याची सोय झाली. पण पावसाने दगा दिला की सगळा तोटा कसणाऱ्याच्या अंगावर. वाट्यात हाच तोटा दोघांत विभागला जातो. तेव्हा पीक बुडाले तर खंडात किती सूट, हे पेरणीआधीच बोलून घ्या.

मुदत किती? कूळ लागेल या धास्तीने काही मालक दरवर्षी माणूस बदलतात, काही रान पडच ठेवतात. धास्ती अगदीच खोटी नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळ कायदा आहे, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण घराघरांत आहे. पण एका वर्षापुरते रान घेणारा शेणखत का टाकील? त्याचा गुण पुढची दोन-तीन वर्षे मिळतो, तो तर दुसऱ्याच्या पदरात! फुटलेली तालही तो बांधत नाही. चार-पाच वर्षांत रान उतरते.

मग करावे काय?

१. वकिलाला विचारून मुदत ठरवा. नुसत्या कागदाने कायदा टळत नाही.

२. करार लेखी करा. एक वर्षावरचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. खंडाने कसणाऱ्याला पीक विम्यासाठीही नोंदलेला भाडेकरार लागतो. तोंडी बोलीवर विमा मिळत नाही.

३. शेणखत कुणी किती टाकायचे, ताली कुणी धरायच्या, ते करारात लिहा. ताल ही मालकाची ठेव आहे. तिचा खर्च मालकाने सोसावा, हे बरे.

४. ई-पीक पाहणीला शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. मुंबईत बसून ते होत नाही. कुणी करायचे ते ठरवा.

बंधूंनो, १९८२ च्या संपानंतर कितीतरी गिरणी कामगार गावी परतले. नोकरी जन्माची नसते. परत याल तेव्हा रान जिवंत हवे, आणि ज्याने ते कसले त्याच्याशी बोलणेही.